दोन हंडे समुद्र

आमच्या मामांनी दौंडला समुद्र आणला. मी वाढवून सांगत नाही. रेल्वेच्या गार्डाच्या डब्यातून, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून, घाट चढवून आणला आणि भीमेच्या काठी, जिथं नुकताच बाहत्तरचा दुष्काळ सरून माणसं कुठं पाण्याला पाणी म्हणायला लागली होती, तिथं तो एका काचेच्या पेटीत नांदवून दाखवला. पुष्कळ माणसं पुष्कळ गोष्टी करून दाखवतात, त्याबद्दल त्यांचे सत्कार होतात, गळ्यात हार पडतात. पण जिचा कुणाला उपयोग नाही आणि जी कुणी मागितलेलीही नाही, अशी गोष्ट इतका जीव तोडून करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझी बायको म्हणते, तुम्हीही काही कमी नाही, फक्त तुम्ही जीव तोडत नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात गेल्यामुळं त्यांना जग पाठीमागं जाताना बघायची सवय लागली होती. एसटीत ते शेवटच्या बाकावर बसत, टांग्यात मागं तोंड करून बसत आणि लग्नाच्या वरातीत सगळ्यांच्या मागून चालत. कुणी हात धरून पुढं ओढायला गेलं तर म्हणत, "शेवटचा डबा दिसल्याबिगर गाडी पुरी आली म्हणता येत न्हाई." त्यांच्या खिशात शिट्टी कायम असे, आणि ती ड्युटीवर नसतानाही वाजे. आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळ्या बायाबापड्या गळ्यात गळे घालून रडत होत्या. मामांनी घड्याळ पाहिलं, "सव्वा तास लेट," असं स्वतःशीच पुटपुटले आणि शिट्टी फुंकली. वऱ्हाडाच्या ट्रकचा ड्रायव्हर दचकून जागा झाला आणि त्यानं गाडी सोडली ती थेट गावाबाहेर. मी नवरदेव असूनही मला पळत जाऊन ट्रकचा फाळका धरावा लागला. माझ्या सासूबाईंचं रडं त्यामुळं हसण्यात संपलं, एवढी गोष्ट मात्र मामांच्या बाजूनं सांगायला हवी.

समुद्राच्या आधीही त्यांचे उद्योग झाले होते. भीमेतली वाळू आणून क्वार्टरच्या मागं केशराचे वाफे केले, ते शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी उकरले. मग रेशमाचे किडे पाळले. ते कोंबड्यांनी एका सकाळीत संपवले, आणि पुढं महिनाभर शेजारीण मामींना सांगत होती की यंदा अंडी मोठी पडतात. मामांनी यातून धडा घेतला. तो असा की पुढचा उद्योग पाण्याखाली करायचा, कारण कोंबडीला पोहता येत नाही.

पण हे झालं गमतीचं कारण. खरं कारण होतं आबा, म्हणजे मामांचे वडील. आबांनी पस्तीस वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून रूळ बसवले, स्लीपर बदलले, खडी ठोकली, पण आगगाडीत बसायला ते कधी तयार झाले नाहीत. कुणी कारण विचारलं की शांतपणे सांगत, "रूळ म्या बशिवल्यात. कुठं काय केलंय ते मला म्हाईत हाय." मुलगा गार्ड झाल्यावर घरच्यांना पास मिळू लागला. पासावर मामी नागपूरला दीक्षाभूमीला जाऊन आल्या, मुंबई बघून आल्या, आल्यावर समुद्राचं वर्णन केलं. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात जित्राबं कसली आसत्यात?" मामींना सांगता येईना. तो प्रश्न मामांच्या डोक्यात रुतून बसला. आबा तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढं गेलेले. समुद्राकडं आबा जाणार नाहीत, तर आबांकडं समुद्र आला पाहिजे, असा हिशेब मामांनी मांडला. मला म्हणाले, "जावईबापू, म्हाताऱ्याला जिता समुद्र दावायचा. चित्रातला न्हाई. हालता-डुलता."

या विषयातलं मामांचं सगळं ज्ञान एका इंग्रजी मासिकातून आलं होतं. ते त्यांना गाडीत बेवारस सापडलं होतं, आणि हरवलेल्या मालाच्या कचेरीनंही ते ठेवून घेतलं नव्हतं. त्यात घरच्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी करून, पोवळ्याच्या खडकासह समुद्रातले जीव कसे पाळावेत यावर लेख होता. मामांनी शब्दकोश घेऊन तो दोन महिन्यांत वाचून काढला. लेख शेवटाला आला होता, "आता सर्वांत महत्त्वाची सूचना," असं वाक्य सुरू झालं होतं, आणि पुढचं पान कुणीतरी फाडून नेलेलं होतं. मी म्हटलं, मामा, सर्वांत महत्त्वाचंच राहिलं की. ते म्हणाले, "आवो, ते 'वर्गणी भरा' आसंच काहीतरी आसतंय."

लेखातली यादी वाचून माणसानं समुद्राचा नाद सोडून द्यावा अशी होती. विलायती काचेची पेटी, विजेचा हवेचा पंप, खारटपणा मोजायचं यंत्र. मामांच्या पगारात यातलं काहीच बसत नव्हतं, म्हणून त्यांनी एकेका वस्तूला दौंडातलीच जोड शोधली. पेटी मिळाली भंगारवाल्या चाचांकडं. टेलिफोन कचेरीतल्या जुन्या बॅटऱ्यांच्या जाड काचेच्या पेट्या चाचांनी लिलावात घेतल्या होत्या. अखंड काच, कुठं सांधा नाही, दोन हंडे पाणी मावेल एवढी. चाचांनी विचारलं, "इसमें क्या रखोगे, गार्डसाब? अचार?" मामा म्हणाले, "दर्या." चाचांनी मामांकडं नीट पाहिलं आणि पेटीबरोबर धुवायचा सोडाही फुकट दिला. वेड्याला आणि फकिराला नाही म्हणू नये, असं त्यांचं मत होतं. पेटीला तेजाबाचा वास होता, तो जाईपर्यंत मामी पंधरा दिवस ती धूत होत्या. हवेच्या पंपाच्या जागी ट्रकच्या चाकाची एक जुनी ट्यूब आली. ती पायपंपानं टम्म फुगवायची, तिच्या तोंडाला दवाखान्यातल्या सलाईनची नळी जोडायची आणि नळीवरची चकती फिरवून, सलाईन थेंबाथेंबानं सोडावं तशी हवा सोडायची. पाण्यात बुडबुडे सुटत. ट्यूब चपटी झाली की पुन्हा पंप. तेव्हापासून त्या घरात नियमच झाला की आलेल्या पाहुण्यानं आधी पन्नास वेळा पंप मारायचा, मग चहा. पोस्टमन मनिऑर्डर बाहेरूनच देऊ लागला.

खारटपणा मोजायचं यंत्र मात्र माझ्यामुळं मिळालं, आणि या सगळ्या उद्योगात माझा तेवढाच काय तो वाटा. मी तेव्हा शिरूरला दूध संकलन केंद्रात कारकून होतो. दुधात पाणी आहे का ते बघायला आमच्याकडं लॅक्टोमीटर असे. काचेची नळी, दुधात सोडली की तरंगते. दूध जेवढं घट्ट तेवढी नळी वर, आणि नळीवर आकडे. मासिकातला समुद्राचा आकडा मामांनी मला दाखवला, तर तो आमच्याच नळीवरचा पंचवीस निघाला. केंद्रातला एक जुना, टवका उडालेला लॅक्टोमीटर साहेबांची परवानगी काढून मी दौंडला नेला. पहिला कॅन आला होता. त्यातल्या पाण्यात आम्ही नळी सोडली, आणि ती डुलत डुलत पंचविसावर येऊन थांबली. मामांचा आनंद गगनात मावेना. मी मात्र सवयीनं बोलून गेलो की पंचविसाचं दूध आम्ही परत पाठवतो, त्यात पाणी असतं. मामांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

पाणी येण्याची तऱ्हा अशी होती. मुंबईकडच्या एका गार्डाची सासुरवाडी उरणला. भरतीच्या वेळी, खडकांपाशी, स्वच्छ पाण्याचा कॅन तो भरून घेई, आणि मग तो कॅन या गार्डाच्या हातून त्या गार्डाच्या हाती, गाडी बदलत बदलत दौंडला पोचे. कॅनवर मामांनी खडूनं लिहून ठेवलं होतं, 'समुद्र. उलटा धरू नये.' मासिकात सांगितलं होतं की आणलेलं पाणी तीन दिवस निवू द्यावं, गाळ खाली बसू द्यावा. ते कशात निववायचं हा प्रश्न आबांनी सोडवला. घरात आबांचा एक तांब्याचा हंडा होता. पहिल्या पगाराच्या पैशातून घेतलेला. आबांच्या तरुणपणी आमच्या लोकांच्या वस्तीत तांब्याचं भांडं चुलीपुढं लखलखलं की गावाच्या डोळ्यात सलायचं, म्हणून कित्येक वर्षं त्यांनी तो गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. आता तो पाटावर मानानं उभा असे. तांब्यातलं पाणी सगळ्यांत शुद्ध, हे तर कुणीही सांगेल. आबा म्हणाले, "येवढ्या लांबनं आलंय पाणी. ते काय त्या पलास्टिकात ठेवायचं? चांगल्या भांड्यात घाला." आणि आबांनी आपल्या हातानं समुद्र हंड्यात ओतला.

मामा रजा टाकून उरणला गेले आणि थर्मासमध्ये जीव घेऊन आले. एक समुद्रफूल, म्हणजे दगडाला चिकटून बसणारा, पाकळ्यांसारखे हात हलवणारा जीव. एक खेकडा, जो स्वतःचं घर बांधायच्या भानगडीत न पडता दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहतो. एक बोटभर पट्ट्यापट्ट्यांचा मासा. आणि एका दगडावर शर्टाच्या बटणाएवढे हिरवट गोल जीव, एकाला एक लागून. मासिकाप्रमाणं ते पोवळ्याच्या जवळचे नातलग होते. मामा त्यांना 'पोवळ्याचे चुलते' म्हणत. खरं पोवळं आपल्याला झेपायचं नाही, म्हणून चुलत्यांवर भागवलं, अशी त्यांची कबुली होती. आबांना त्यांनी ठरवून लगेच दाखवलं नाही. जीव स्थिरस्थावर होऊ देत, फूल पूर्ण उमलू दे, मग म्हाताऱ्याला स्टुलावर बसवून दाखवू. पेटीवर मामींचं जुनं पातळ झाकून ठेवलं.

फूल उमललंच नाही. दुसऱ्या दिवशी ते आक्रसून लिंबाएवढं झालं. तिसऱ्या दिवशी खेकडा आपलं बिऱ्हाड सोडून उघडाच वाळूवर पडला. चुलते मिटून गेले. मासा दोन दिवस जास्त टिकला आणि तोही गेला. मी शनिवारी शिरूरहून आलो, तेव्हा मामा ओट्यावर बसले होते, आणि खिशातली शिट्टी काढून ती नुसतीच पुसत होते. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. केशर गेलं, किडे गेले तेव्हा हाच माणूस हसला होता.

आबांनी पातळ बाजूला करून पेटी पाहिली. त्या घरात रोज संध्याकाळी पंचशील म्हणत, आणि त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. आबा म्हणाले, "खायाला मारलं तर ती पोटाची बाब. बघाया मारायचं न्हाई." मामा शिट्टीच पुसत राहिले. मग आबाच म्हणाले, "तुझा जीव हाय त्यात, दिसतंय मला. आजून येकदा कर. येकदाच. मंग ही पेटी चाचाला परत द्यायची."

आता पुढचा डाव शेवटचा होता, आणि पहिला का हरला ते कळल्याशिवाय तो खेळायचा तरी कसा? मामांनी मासिक पुन्हा तीन वेळा वाचलं. पाण्याला दोष दिला, उन्हाला दिला, गाडीच्या हादऱ्यांना दिला, माझ्या लॅक्टोमीटरलाही देऊन पाहिला. मामी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "हंडा बघितला का आतून?" आम्ही दोघं उठून गेलो. हंडा आतून असा लखलखत होता की चिंच लावून दिवसभर घासला तरी तसा निघाला नसता. मामी म्हणाल्या, "ताक कुणी तांब्यात ठिवतं व्हय? लोणचं ठिवतं? कळकतंय. आन् ह्ये तर निसतं मीठच. तांबं सगळं पाण्यात उतारलं."

मामा डोक्याला हात लावून खालीच बसले. म्हणाले, "आगं, मंग तवाच का न्हाई बोलली?"

"आबांनी आपल्या हातानं वतलं. म्या काय म्हणू? आन् मला इचारलं कुणी? इंग्रजी कागदाला इचारलं तुम्ही."

फाडून नेलेल्या त्या पानावर कदाचित हेच लिहिलेलं असावं. पण मला अजून वाटतं की विलायतेतल्या लेखकाला तांब्याच्या हंड्याची कल्पना असणं कठीण होतं. ही चूक करायला आमच्यासारखंच घर लागतं, जिथं सर्वांत मौल्यवान वस्तू तांब्याची असते आणि पाहुण्याला ती काढून दिल्याशिवाय चैन पडत नाही.

मोठी पंचाईत पुढंच होती. आबांना हे सांगायचं कुणी? ज्या हंड्यासाठी त्यांनी गावाच्या नजरा झेलल्या, त्याच हंड्यानं ते मुके जीव मारले, असं त्या माणसाला सांगायचं? मामांची जीभ रेटेना. आणि न सांगावं तर पुढच्या खेपेला आबा पुन्हा प्रेमानं हंडा पुढं करणार. मामा तीन दिवस घरात चोरासारखे वावरले. हंडा कल्हईला टाकू, बहिणीकडं पाठवू, चोरीला गेला म्हणू, असे एकाहून एक बावळट बेत त्यांनी मला ऐकवले. शेवटी पुन्हा मामीच पुढं झाल्या. आबा अंगणात ऊन खात बसले होते. मामी हंडा घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आबा, ह्ये खारं पाणी लई वंगाळ. बघा की, तुमचा हंडा आतनं झिजाया लागलाय. आजून दोन-चारदा घातलं तर भोक पडंल."

आबा ताडकन उठले. हंडा हातात घेतला, आत हात फिरवला आणि म्हणाले, "मंग कशाला वतता त्यात, मूर्खावानी? बरण्या न्हाईत व्हय घरात?" आणि हंडा उचलून त्यांनी स्वतःच्या खाटेखाली नेऊन ठेवला. खोटं न बोलता, कुणाच्या जिव्हारी न लावता, समुद्र आणि हंडा दोघांनाही वाचवणारं इतकं स्वच्छ वाक्य मी पुढं मोठमोठ्या सभांमधूनही ऐकलं नाही.

दुसरा डाव दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर मांडला. पाणी चिनी मातीच्या बरण्यांत निवलं. मामींनी त्यासाठी वर्षाचं लोणचं दोन शेजारणींकडं हलवलं. मामा पुन्हा उरणला गेले. नवं फूल, नवा भाडेकरू खेकडा, नवा मासा, चुलत्यांचा नवा दगड. या वेळी पातळ झाकलं नाही. आबांनी स्टूल ओढून घेतलं आणि म्हणाले, "जगलं तरी बघीन, मेलं तरी बघीन." पहिले चार दिवस मामांनी रजा वाढवली. पाचव्या दिवशी सकाळी ऊन खिडकीतून पेटीवर आलं आणि फूल उमललं. मी तिथं नव्हतो, पण आबा काय म्हणाले ते मामांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथं असल्यासारखाच आहे. आबा म्हणाले, "आयला, ह्ये तर मला बघतंय."

त्यानंतर एकदाच संकट आलं. लॅक्टोमीटरचा आकडा चढू लागला. पंचविसाचे सत्तावीस, सत्ताविसाचे एकोणतीस. मामा हवालदिल झाले. पेटीतलं पाणी थोडं थोडं हवेत उडून जात होतं, ते भरून काढायला मामा इमानदारीनं समुद्राचंच पाणी घालत होते, कारण कमी झाला तो समुद्र. मामी म्हणाल्या, "आमटी आटली तर मीठ घालता का पाणी?" मामांनी आपल्या ड्युटीच्या वहीच्या मागल्या पानावर नोंद केली, 'सौ.ची सूचना मान्य,' आणि त्या दिवसापासून उकळून गार केलेलं गोडं पाणी पेटीत पडू लागलं. मामींनी आयुष्यात काचेची नळी हातात धरली नाही, पण दौंडातला तो समुद्र खरं तर त्यांनीच चालवला, आणि हे मामा कुणालाही मोकळेपणानं सांगत.

समुद्र जगला, आणि आबांचं वय दहा वर्षांनी उतरलं. ट्यूबचा पंप त्यांनी स्वतःकडं घेतला, कारण पाहुण्यांचा हात नीट चालत नाही अशी त्यांची तक्रार होती. बाजारातून सुकट आणायची, ती चिमटीत चुरून टाकायची, खेकडा ती कशी उचलतो ते बघायचं. समुद्रातल्या जिवांना सुकट खाऊ घालणं म्हणजे त्यांनाच त्यांचा नातेवाईक वाढणं, असं मी म्हटलं तर आबा म्हणाले, "जावईबापू, घरचं आन्न ज्याला त्याला ग्वाडच लागतं." खेकडा वाढला आणि त्यानं जुना शंख सोडून नव्या शंखात मुक्काम हलवला, त्या दिवशी आबांनी गल्लीत गूळ वाटला. आता त्यांच्या ओळखीची सगळी म्हातारी माणसं समुद्र बघायला येऊ लागली. भांडगावची बहीण आली, कासुर्डीचे व्याही आले, आबांच्या जुन्या गँगमधले दोघं काठी टेकत आले. मामांनी पेटीवर पुठ्ठा लावला होता, 'पाण्यात बोट घालू नये.' हाताचा तेलकटपणा जिवांना बाधतो म्हणे. त्याबाबत मामा फार कडक होते. सख्ख्या मेव्हण्याच्या बोटावर त्यांनी शिट्टीची साखळी मारलेली मी पाहिली आहे.

एका बाजाराच्या दिवशी मी तिथं असताना आप्पा आले. आप्पा म्हणजे आबांच्या मूळ गावचे थोरले शेतकरी, आबांच्याच वयाचे, मोठा फेटा, पायात करकरणारं पायताण. गावात विहीर त्यांची होती. आबा तरुण असताना त्या विहिरीच्या काठावर चढता येत नसे. घागर घेऊन खाली बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली की तो वरून ओंजळीत नाहीतर घागरीत पाणी ओते, आणि कधी दुपार झाली तरी कुणाला दया येत नसे. हे मला मामांनी फार पूर्वी एकदाच सांगितलं होतं. आबांनी कधीच सांगितलं नव्हतं. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "काय रं, समुंदर हाय म्हंत्यात तुझ्याकडं." मामा एकदम ताठ झाले. आबा म्हणाले, "हाय की. या, बसा आप्पा." आणि स्वतःचं स्टूल त्यांना दिलं.

आप्पांनी बराच वेळ पाहिलं. फूल, खेकडा, मासा, चुलते. आबा एकेकाची माहिती देत होते, अगदी मासिकातल्यासारखी. मग आप्पांचा हात पेटीच्या काठापर्यंत गेला आणि थांबला. ते पुठ्ठ्यामुळं थांबले नव्हते, कारण त्यांना वाचता येत नव्हतं. उभा जन्म ज्या सवयीत गेला ती हाताला आठवली असावी. ते म्हणाले, "खरंच खारट आसतंय का रं?"

आबा म्हणाले, "घाला की बोट, आप्पा. समुंदर हाय. कुणाच्या बोटानं बाटत न्हाई."

आबांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, त्यात फक्त घरधन्याची अगत्याची घाई होती. मामांच्या हातात शिट्टीची साखळी होती, ती त्यांनी हळूच खिशात सोडली. आप्पांनी बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. त्यांचं तोंड कसंनुसं झालं. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, मिशा थरथरल्या, आणि ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाणी... पाणी द्या जरा."

मामी उठायला लागल्या. आबांनी हातानंच त्यांना बसवलं. ते स्वतः आत गेले, लोटा भरून घेऊन आले आणि आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी लोट्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं, आणि मग लोटा तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. पिऊन झाल्यावर म्हणाले, "ग्वाड हाय." आबांनी विचारलं, "आजून देऊ?" आप्पांनी लोटा पुढं केला.

त्यानंतर समुद्र दोन वर्षं चालला. मग एका उन्हाळ्यात फार तापलं, फूल गेलं, मासा गेला, आणि खेकडा नि उरलेले चुलते मामांनी थर्मासमध्ये घालून उरणला परत सोडून दिले. पुढच्या हिवाळ्यात आबाही गेले. गाडीत ते शेवटपर्यंत बसले नाहीत. मामा आता निवृत्त झाले आहेत, आणि मी भेटलो की एकदा तरी म्हणतात, "जावईबापू, खरा समुद्र दावायचा ऱ्हायलाच बघा म्हाताऱ्याला. काय दावलं मी? दोन हंडे पाणी." पण आप्पांसाठी दुसरा लोटा भरायला ताठ मानेनं आत निघालेले आबा मी पाहिले आहेत. समुद्रावर पुष्कळ माणसं जातात आणि पाय भिजवून परत येतात. त्यांच्यापैकी कुणाची चाल मी तशी पाहिलेली नाही.